चौथं मुसळ उशिरा पडलं

मित्रांनो, मी मारकुटा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. मी एक जुना डंख आहे, मसाला कुटायचा. काही लोक मला कांडप मशीन म्हणतात. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या तोंडाशी एका गाळ्यात मी उभा आहे. चार उखळं, चार मुसळं, एक मोटर आणि एक पट्टा एवढाच माझा संसार. समोर येईल त्याला ठेचायचं, हे माझं काम.

तुम्ही आमटीत जो लाल मसाला चाखता, तो सुखासुखी तयार होत नाही. मिरच्यांचे देठ मोडतात, त्यांना उन्हात तापवतात, कढईत परततात आणि मग माझ्यापुढे आणून टाकतात. मी त्यांच्या बिया फोडतो. हळकुंडं पहिल्या तडाख्याला उडतात, दुसऱ्याला तडकतात आणि दहाव्याला त्यांची पूड होते. दालचिनी थोडी अकड दाखवते, पण तीही मोडते. गाळ्यात उभी असलेली माणसं शिंकून शिंकून बेजार होतात, डोळ्यांतून पाणी काढतात. मला कुणाची दया येत नाही. मला दया आली तर तुमची आमटी सपक होईल.

माझा जन्म सांगलीकडच्या एका कारखान्यातला. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतून माझी उखळं घडवली. मुसळं तापवून, घणाखाली झोडपून सरळ केली. मार खाऊनच मी मारायला शिकलो. चौदा वर्षांपूर्वी टेम्पोत आडवा घालून, दोरखंडांनी करकचून बांधून मला इथे आणलं. मला विकत घेणारा लवू मूळचा रत्नागिरीकडचा. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्याने बरीच वर्षं काढली होती. ती नोकरी सोडून त्याने आणि त्याची बायको राजश्रीने हा गाळा घेतला.

मला बसवायला कारखान्याचा फिटर पंढरीनाथ आला होता. माझी रचना साधी आहे. वर एक आडवा दांडा. मोटर सुरू झाली की पट्टा दांड्याला फिरवतो. दांड्यावरचे दात एकेका मुसळाला वर उचलतात आणि सोडून देतात. मुसळ लोखंडी खाचेतून सरकत खाली उखळात कोसळतं. धप्प. पुन्हा वर, पुन्हा धप्प.

जाताना पंढरीनाथने लवूच्या हातात एक डबा दिला. "लवूशेठ, ध्यानात ठेवा. बेअरिंगला ग्रीस. मुसळाच्या खाचंत मात्र हेच पांढरं तेल. खाण्याच्या मशिनींचं असतंय हे. दोन थेंब घालायचं, वरचं पुसून घ्यायचं. सीझन संपला की खाच धुऊन, कोरडी करून मगच झाकायचं मशीन."

"होय होय," लवू म्हणाला. तेव्हा तो नारळ फोडायच्या घाईत होता.

चौथ्या उखळाशी पहिल्या दिवसापासून सरूबाई बसली. ती महाडकडची. नवरा लवकर गेलेला, पदरात एक मुलगी, संचिता. कुटताना मसाला उखळाच्या कडेला उडतो, तो पुन्हा मुसळाखाली लोटावा लागतो. त्यासाठी लाकडी फळी दिलेली असते. पण फळीला मसाला किती बारीक झाला ते कळत नाही, बोटांना कळतं. म्हणून जाणत्या बाया हातानंच लोटतात. मुसळ वर गेलं की हात आत, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. मिनिटाला चाळीस वेळा. सरूबाई तर बघायचीसुद्धा नाही. गिऱ्हाइकांशी गप्पा मारता मारता तिचा उजवा हात माझ्या जबड्यात जाऊन यायचा. मधूनच चिमूटभर मसाला ती पहिल्या दोन बोटांत चोळायची आणि म्हणायची, "झाला, काढा." ती दोन बोटं म्हणजे आमच्या गाळ्याची चाळण होती. सिल्व्हर पार्कच्या बाया रिक्षा करून यायच्या त्या माझ्यासाठी नव्हे, त्या बोटांसाठी. त्यांच्याच जोरावर तिने संचिताला आयटीआयला घातलं, फिटर केलं.

मित्रांनो, ती बोटं रोज हजारो वेळा माझ्या मुसळाखालून सुखरूप जात होती, ती माझ्या चांगुलपणामुळे नव्हे. माझा ठोका वेळेवर पडत होता म्हणून. आणि ठोका वेळेवर पडत होता तो खाचेतल्या दोन थेंबांमुळे.

पंढरीनाथचा डबा तीन वर्षं पुरला. मग लवू गल्लीतल्या रिक्षा गॅरेजमध्ये गेला. "भाई, थोडा जला हुआ ऑईल दे दो, मशीन को लगाना है." इंजिनातून काढलेलं काळंकुट्ट तेल त्याला फुकट मिळालं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. माझी मुसळं त्यावरून सपासप सरकायची. पण ते तेल खाचेतून ओघळायचं आणि खाली उखळात टपकायचं. काही वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. वास मिरचीत दबून जायचा.

मग गेल्या वर्षी, एप्रिलमध्ये, वरसाव्याहून मंदा आली. तिच्या घरी लग्न होतं. आठ किलो मसाला तिने आमच्याकडून कुटून नेला. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन परत आली, सोबत दोन भाऊ.

"काय रं लवू, यो मसाला हाय का इंजिनाचा गाळ?" तिने डबा माझ्या उखळावर आपटला. "वास घे! घे ना! हळदीला पन्नास माणूस जेवाया बसला, कुनी तोंडान घातला न्हाय!"

"आमच्या मशीनचा नाय तो वास. तुमचं भांडं बघा," लवू म्हणाला.

एवढं पुरलं. मंदाने मूठभर मसाला उचलला आणि सरळ लवूच्या तोंडावर फेकला. तो किंचाळत खाली बसला. डोळ्यांत मिरची गेलेल्या माणसाचं ओरडणं तुम्ही ऐकलं नसेल, ऐकूही नका. राजश्री पाण्याची कळशी घेऊन धावली, तर एका भावाने वजनकाटा लाथेने उडवला. दुसऱ्याने मिरच्यांची पोती फाडली. लवूने आंधळेपणी हात फिरवला, तो राजश्रीलाच लागला. त्या दिवशी त्या गाळ्यात मी सोडून सगळेच मारत होते.

चार दिवस लवूचे डोळे सुजलेले होते. पाचव्या दिवशी तो उठला, काळ्या तेलाचा डबा गटारात ओतला आणि घाण्यावरून शेंगदाण्याचं तेल घेऊन आला. भाजीला घालतात ते, ताजं, वासाचं. देवासमोर हात जोडून त्याने शपथ घेतली. "खायच्या जिनसाला खायचंच तेल. आजपासून दुसरं काही नाही." मग दारावर पाटी लागली: 'आमच्या डंखाला फक्त खाण्याचे तेल वापरले जाते.'

त्या पाटीने काय जादू केली म्हणून सांगू! गिऱ्हाइकं दुप्पट झाली. बाया पाटीचे फोटो काढून एकमेकींना पाठवायच्या. इकडचे तिकडचे दोन डंखवालेही तशीच पाटी लावून बसले. लवू छाती काढून सांगायचा, "मी खातो तेच तेल माझं मशीन खातं." एवढं लाडाचं तेल कुठल्या यंत्राला मिळतं! मीही फुशारलो होतो. तो सीझन छान गेला.

जूनमध्ये माझ्यावर ताडपत्री पडली. खाच कुणी धुतली नाही. आणि तिथे, अंधारात, ते तेल हळूहळू मरायला लागलं. तुमच्या स्वयंपाकघरात तेलाच्या बाटलीखालचा डाग बोटाला कसा चिकटतो, बघा कधी. खाण्याचं तेल वाऱ्यावर राहिलं की आटतं, चिकटतं, शेवटी कडक होतं. माझ्या खाचेत तर त्यात मिरचीची पूडही मिसळलेली. आठ महिन्यांत त्याचा डिंक झाला.

या वर्षी फेब्रुवारीत लवूने बटण दाबलं, तेव्हा मोटर नुसती कण्हत राहिली. पट्टा जागच्या जागी घसरला आणि जळक्या रबराचा वास सुटला. लवूने मला लाथ घातली. मी हललो नाही. त्याने हातोडा घेतला आणि माझ्या मुसळांना डोक्यावर, कमरेवर, मिळेल तिथे बडवलं. मग कुठूनसा गंज सोडवायचा स्प्रे आणून खाचांत मारला. त्या स्प्रेने वरवरचा डिंक सुटला आणि मुसळं हलली. लवूला वाटलं, जिंकलो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की तो स्प्रे अडकलेलं सोडवण्यापुरता असतो, तो काही तेलाची जागा घेत नाही. तासाभरात तो उडून गेला. वरून लवूने पुन्हा शेंगदाणा तेल ओतलं, या वेळी चांगलं वाटीभर.

पहिल्याच दिवशी चौथं मुसळ वर जाऊन क्षणभर तिथेच थांबलं आणि मग पडलं. सरूबाईचा हात निसटला, पण बांगडी फुटली आणि काच मनगटात घुसली.

"लवू, हे मुसळ मधेच थांबतंय. बघ जरा," तिने रक्त पुसत सांगितलं.

"मावशी, सीझनची सुरुवात आहे. दोन दिवसांत सेट होईल. आत्ताच तेल घातलंय मी."

"तेल घातलंयस म्हणूनच विचारतेय. आधी असं चिकटत नव्हतं. ते तेल बदल."

"बाहेर पाटी लावलीय ना मावशी! दुसरं तेल घालताना कुणी बघितलं, तर परत तोंडावर मिरची खाऊ काय?"

सरूबाई मनगटाला चिंधी बांधून पुन्हा उखळाशी बसली. लवूचे सुजलेले डोळे तिने पाहिले होते. पण मला आतून कळत होतं. खाचेच्या वरच्या टोकाला, जिथे कुणाचा हात पोचत नाही, तिथे जुना डिंक तसाच होता, आणि नवं तेल तापून त्याच्यावर चढत होतं. प्रत्येक ठोक्याला ते मुसळाला धरून ठेवत होतं, थोडं थोडं जास्त. मला ओरडून सांगायचं होतं. पण मला फक्त एकच आवाज येतो, धप्प, आणि त्याची सगळ्यांना सवय झालेली असते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. राजश्री मिरच्या तोलत होती. सरूबाई कुणाला तरी संचिताच्या नोकरीबद्दल सांगत होती, बिस्किटांच्या कारखान्यात मशिनी सांभाळते म्हणून. मुसळ वर गेलं. तिचा हात आत गेला, बाहेर आला. मुसळ खाली आलंच नाही. हाताला वाटलं की ठोका पडून गेला, म्हणून तो पुन्हा आत गेला.

आणि मग मी पडलो.

मित्रांनो, मी हळकुंडं फोडली आहेत, सुंठ फोडली आहे, जायफळं फोडली आहेत. हाड फुटल्याचा आवाज तसाच येतो. सरूबाईच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिने समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. राजश्रीने बटण बंद केलं. पण मुसळ बोटांवरच रुतून बसलं होतं आणि डिंकामुळे वर जाईना. लवू आणि दोन गिऱ्हाइकं मिळून ते उपसू लागली. ती ओढत होती, ते सुटत होतं, पुन्हा बसत होतं. उघड्या जखमेत मिरची जात होती. शेवटी हात सुटला तेव्हा सरूबाई शुद्धीवर नव्हती. उखळातला मसाला आधीच लाल होता, त्यामुळे रक्त वेगळं दिसलंही नाही. तो सगळा मसाला राजश्रीने रडत रडत खड्डा खणून पुरला.

डॉक्टरांना तिची दोन बोटं काढावी लागली. तीच दोन, पहिली आणि मधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचिता आली. तिच्या हातात घण होता.

"बाजूला व्हा, काका."

"संचिता, ऐक, मी भंगारवाल्याला बोलावलंय…"

"बाजूला व्हा म्हणतेय ना!"

पहिल्या घावात माझ्या उखळाची कड उडाली. दुसरा घाव मोटरच्या पत्र्यावर बसला. मी मार खात होतो आणि मला तो हवा होता. तिसरा तिने जीव एकवटून चौथ्या मुसळावर घातला. लवूने ते वर ढकलून ठेवलं होतं, मुसळ अडकवायचा आकडा न लावता. मुसळ थरथरलं, पण खाली पडलं नाही. कशालाही टांगलेलं नसताना ते हवेत तसंच उभं राहिलं.

संचिता थबकली. काही झालं तरी ती फिटर होती. तिने घण खाली ठेवला, स्टुलावर चढली, खाचेच्या वरच्या टोकाला नख घासलं आणि नाकाला लावलं.

"हे काय घातलंय?"

"शेंगदाणा तेल," लवू म्हणाला. "घाण्याचं. चांगलं आहे गं. भेसळ नाही एक थेंब."

"चांगलं?" तिचा आवाज फाटला. "काका, ते पोटाला चांगलं! लोखंडावर ते वाळतं. रंगासारखं वाळतं! आमच्या कारखान्यात असं कुणी केलं तर त्याला गेटबाहेर काढतील."

"मसाल्यात गेलं तर कुणाला बाधू नये, म्हणून घातलं. मला वाटलं…"

"बाधू नये असं आणि वाळणारही नाही असं तेल मिळतं. खाण्याच्या मशिनींसाठी वेगळं बनवतात, डब्यावर लिहिलेलं असतं. विचारायचं होतंत. मला विचारायचं होतंत! मी दोन गल्ल्या सोडून राहते!" ती बाहेर गेली, पाटी खेचून काढली आणि गुडघ्यावर मोडली. "माझ्या आईची बोटं तुमच्या वाटण्यात गेली."

लवूने स्वतःच्या कपाळावर थाडथाड हात मारून घेतले. राजश्रीने त्याचे हात धरले नाहीत.

थोड्या वेळाने भंगारवाला आला. संचिताने त्याला विचारलं, "तोडणार का विकणार?" तो म्हणाला, "चालू हालत में है, तोडेंगे क्यों? बिक जाएगा." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने त्याला परत पाठवलं. "याच्यापुढे दुसरी कुणीतरी बाई बसेल," ती राजश्रीला म्हणाली. "तिचीपण बोटं जातील."

पुढचे दोन दिवस तिने मला सोललं. रॉकेल, पितळी ब्रश, पत्र्याची पट्टी. तिचा राग गेलेला नव्हता, एकेक खाच ती खरवडत होती ती माझी कातडी सोलल्यासारखी. बेअरिंगमधलं खडखडीत झालेलं ग्रीस काढून नवं भरलं. मुसळं पुसून कोरडी केली, मग पांढऱ्या तेलाचे दोन थेंब. नाव पांढरं, पण त्या तेलाला ना रंग होता ना वास. शेवटी जाडं मीठ कुटून ते फेकून दिलं, म्हणजे रॉकेलचा अंश राहायला नको. तेलाचा डबा तिने लवूच्या हातात दिला आणि निघून गेली.

महिन्याने सरूबाई आली, संचिताच्या खांद्याला धरून. तीन उखळांवर बाया काम करत होत्या. चौथ्यावर बसायला कुणी तयार नव्हतं. लवू तिच्या पायांशी वाकला. "मावशी, तुम्ही नुसतं गिऱ्हाइकांकडे बघा. या मशीनला आता हात लावू नका."

"आज तेल कुणी घातलं?" तिने विचारलं.

"मी. संचिताने दिलंय तेच."

"मग बस चौथ्यावर."

"मी?"

"बस. हात घाल."

"आई!" संचिता ओरडली. राजश्री बटणापाशी गोठल्यासारखी उभी राहिली. बाकीच्या बायांनी आपापली मुसळं आकड्याला अडकवली. कुणी हसत नव्हतं. लवूने सरूबाईच्या हाताकडे पाहिलं, अंगठ्याशेजारच्या त्या रिकाम्या जागेकडे, आणि तो मांडी घालून बसला.

"चालू कर गं राजश्री," सरूबाई म्हणाली.

मित्रांनो, खरं सांगतो. या माणसाने मला लाथा घातल्या होत्या, हातोड्याने बडवलं होतं, माझ्याकरवी सरूबाईची बोटं तोडली होती. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. पण यंत्राच्या मनाला कोण विचारतो? यंत्राच्या खाचेत जे असतं, तेच यंत्र करतं. मुसळ वर गेलं. लवूने डोळे मिटून हात आत घातला, बाहेर काढला. धप्प. पुन्हा. धप्प. त्याच्या कपाळावरून घाम उखळात गळत होता. सरूबाई मोठ्याने मोजत होती. चाळीस झाल्यावर तिने त्याच्या खांद्याला धक्का दिला.

"उठ. आता कळलं ना तेल कशाला म्हणतात ते? रोज सकाळी जो तेल घालील, त्याने पहिले चाळीस ठोके असंच बसायचं."

लवू उठून बाजूला झाला. सरूबाई माझ्यापुढे बसली. संचिताने तोंड फिरवलं. मी इतका कधी घाबरलो नव्हतो. तिचा हात आत आला, थांबला, माझा ठोका ऐकला आणि बाहेर गेला. मग पुन्हा आला. पाच मिनिटांनी तिने अंगठा आणि तिसरं बोट यांत चिमूटभर मसाला धरून चोळला. त्या बोटाला अजून काही कळत नव्हतं. तिने परत चोळला, डोळे मिटून.

"जाडा आहे," ती शेवटी म्हणाली. "हाणू दे अजून."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझे भाऊबंद आहेत. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, दुकानाचं शटर, दाराचं कुलूप. ते तहानले की कुरकुरतात, आणि तुम्ही हाताशी असेल ते ओतून मोकळे होता. स्वयंपाकातलं तेल, गाडीचं तेल, कुणाचं तरी उरलेलं ग्रीस. तसं करू नका. कुणाला पातळ लागतं, कुणाला घट्ट, कुलपाला तर ग्रॅफाइटची कोरडी पूडच बरी. डब्यावरचं वाचा, जाणत्याला विचारा, जुनं पुसून काढा आणि मगच नवं घाला. आम्हाला तुमच्यावर राग काढता येत नाही आणि तुमची कीव करून थांबताही येत नाही. म्हणून तेल घालण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारा, या यंत्रात मी माझा हात घालीन का? छातीठोकपणे हो म्हणता आलं, तरच दुसऱ्या कुणाला त्याच्यापुढे बसवा.